चार घरांचे साकीनाका

मुंबई मेट्रोच्या वर्सोवा–घाटकोपर मार्गावरचे साकीनाका रोमन लिपीत लिहायला आठ अक्षरे लागतात. मराठी शब्दकोड्यात त्याला चार घरे पुरतात: सा, की, ना, का. पहिल्या दोन घरांत साकी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून नाटकवेड्या मराठी माणसाच्या कानात बसलेला हा पद्यप्रकार. उरलेला नाका उलटा वाचला की काना होतो, बाराखडीतला काना. म्हणजे ‘साकीपुढे उलटा काना, अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचे ठिकाण (४)’ अशी सूचना सहज तयार होते. चारही अक्षरे विस्कटली तर काकी आणि नासा हाती येतात, त्यातून दुसरी सूचना बांधता येते. दैनिकांतल्या मराठी शब्दकोड्यांत मात्र हा खेळ क्वचितच दिसतो. तिथे आडव्या-उभ्या शब्दांपुढे बहुधा समानार्थी शब्द असतो, म्हणीतली गाळलेली जागा असते, नाहीतर एखाद्या नदीचे वा नटीचे नाव विचारलेले असते. अक्षरांचा खेळ म्हणजे कोड्यावरची नक्षी, असे आपण धरून चाललो आहोत. मला तो सूचनेचा प्रामाणिकपणा वाटतो, आणि त्याची गरज इंग्रजीपेक्षा मराठीला जास्त आहे.

‘कमळ (३)’ ही सूचना घ्या. पंकज, सरोज, नीरज, अंबुज, जलज: पाचही शब्द तीन घरांत बसतात. उभा शब्द शेवटच्या घरातून जात असेल तर तिथे ‘ज’ मिळतो, आणि तो पाचांतही आहे. संस्कृतातून आलेल्या समानार्थी शब्दांची श्रीमंती इथे सोडवणाऱ्याला अडचणीत टाकते. उत्तर मनात असले तरी ते सिद्ध करायला हातात काही नसते. आता तीच सूचना ‘कुठूनही वाचा, कमळच (३)’ अशी लिहा. पाचांतला एकच शब्द दोन्ही बाजूंनी सारखा वाचता येतो. सोडवणाऱ्याला ते कळते तेव्हा उद्याच्या अंकातले उत्तर पाहायची गरज उरत नाही. इंग्रजी कोड्यांनी ही वाट आधीच धरली आहे. न्यूयॉर्कच्या एका दैनिकात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे छापून आले. पुढे इंग्लंडमध्ये कोडेकारांनी सूचनेचे दोन भाग केले: एक अर्थ सांगणारा, दुसरा अक्षरांच्या वाटेने त्याच शब्दाकडे नेणारा. ‘झिमेनीस’ या नावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६च्या आपल्या पुस्तकात याचे नियमच घालून दिले. दोन साक्षीदारांनी एकच नाव घ्यावे, तसे हे.

दुसरा साक्षीदार नसला की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. स्वातंत्र्याच्या आसपास बक्षिसांच्या शब्दकोड्यांची लाट आली होती. बंगळूरहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक ‘आर.एम.डी.सी.’ नावाच्या स्पर्धेची कोडी छापी आणि प्रवेशिका मुंबई राज्यातूनही गोळा होत. अशा कोड्यांत एका जागी दोन शब्द सारखेच शोभत. बरोबर कोणता, हे आयोजकाच्या बंद पाकिटावर ठरे. मुंबई सरकारने त्यावर कर बसवला, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि एप्रिल १९५७मध्ये निकाल लागला, की जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. त्याआधीच १९५५च्या केंद्रीय कायद्याने बक्षीस महिन्याला हजार रुपयांच्या वर जाऊ नये, असे बंधन घातले होते. खटला कराचा आणि हक्कांचा होता हे खरे. पण कोडेकाराने त्यातून घ्यायचा धडा भाषेचा आहे: जी सूचना दोन उत्तरे सारखीच मान्य करते, ती सोडवणाऱ्याला नशिबाच्या हवाली करते.

यावर पहिला आक्षेप लिपीचा येतो. रोमन अक्षरे सुटी आहेत, हवी तशी मांडता येतात. देवनागरीत काना-मात्रा व्यंजनाला चिकटून येतात, मग उलटापालट कशी करायची? या आक्षेपाचे उत्तर आपल्याकडच्या एका जुन्या कथेत आहे. वाल्या कोळी ‘मरा मरा’ म्हणत राहिला आणि त्याचे ‘राम राम’ झाले, ही कथा अक्षरावरच उभी आहे. ध्वनी सुटे करून उलटवले असते तर राम कधीच मिळाला नसता. शिवाय चौतीस व्यंजनांची बाराखडी धरली तरी चारशेहून अधिक अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे जाळी रचणाऱ्याचे काम अवघड होते, हे मान्य. पण छेदातून मिळालेला एक ‘की’ सोडवणाऱ्याला एखाद्या रोमन ‘के’पेक्षा कितीतरी जास्त सांगतो. ‘स्त्री’ एका घरात मावते, हे मला या लिपीचे सामर्थ्यच वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचे रूप पालटते. साकीनाका म्हणताना शेवटी ‘का’ असतो, साकीनाक्याला म्हणताना तो ‘क्या’ होतो. मग वाक्यात शब्द लपवायचा कसा? इथे शिस्त लागते. सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो, आरंभ बहुतेक वेळा शाबूत राहतो. ‘शेतकरी ज्याची वाट पाहतो, त्यात पाण्याच्या आरंभी ऊस (३)’ ही सूचना चालते, कारण पाणी आणि पाण्याच्या दोन्हींचा आरंभ ‘पा’च आहे, आणि पा-ऊस समोर येतो. ‘पाण्याच्या शेवटी’ असे मात्र लिहू नये. ‘णी’ घ्यायचा की ‘ण्या’, हा घोळ सोडवणाऱ्याच्या माथी मारणे गैर. बंधनांत राहून खेळणे मराठीला नवे नाही. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचले. ओठ मिटून उच्चारायची अक्षरे वर्ज्य, म्हणजे ‘म’ वर्ज्य, म्हणजे खुद्द ‘राम’ हा शब्दही वर्ज्य! शाळेत शिकवला जाणारा सभंग श्लेषही शब्द तोडूनच खेळतो: सुमन म्हणजे फूल, सु-मन म्हणजे चांगले मन.

सकाळी लोकलमध्ये उभ्याने कोडे सोडवणाऱ्याला एवढे कष्ट नकोत, असे काही जण म्हणतील. सगळ्या सूचना अशा असाव्यात असा आग्रह नाहीच. वीस सरळ सूचनांमध्ये तीन अक्षरखेळाच्या टाकाव्यात, आणि त्या ओळखू याव्यात म्हणून पुढे फुली छापावी. आरंभ दोन घरांच्या शब्दाने करावा. साकीनाक्याला मेट्रोत चढलेल्या माणसाला घाटकोपर तिसरे स्थानक. तेवढा वेळ या सूचनेला पुरे आहे: ‘उलटी वाहणारी नदी, गरीब (२)’.