जात्यावरची ओवी मोबाइलवर

आपल्या आया-आज्या पहाटे दळताना ओव्या गात. गावात पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि ओवीही मुकी होऊ लागली. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’ या ना-नफा तत्त्वावरील उपक्रमाने २०१७ पासून त्या इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली.

कशा ठेवल्या, ते पाहण्याजोगे आहे. ओवी अक्षरांत आहे. म्हणून ती वर्गात वाचता येते. ध्वनिमुद्रण आहे, कारण चाल काही कागदावर उतरत नाही. छायाचित्र, नाव आणि गाव आहे. मग ओवी कुणाची, हे विचारावे लागत नाही. चित्रफितीत गाणारी बाई समोर दिसते. अक्षर, आवाज, चित्र. ज्याचे काम त्यानेच केलेले बरे.

उद्या तुमच्या महिला मंडळाने किंवा वाचनालयाने असे काही करायचे मनात आणले, तर एवढे ध्यानात ठेवा. आवाजाने भागते तिथे चित्रफीत नको. ती जड असते, रेंज नसली की अडते. आवाजाबरोबर मजकूर द्याच, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यालाही कळेल. आणि सर्वांत आधी गाणाऱ्या आजीची संमती घ्या. तिचे नाव तिला विचारून लिहा. मग जगाला ऐकवण्यापूर्वी ते तिलाच ऐकवा. ठेवा तिचा आहे. आपण फक्त पोचवणारे!