पाया आपला, तडे शेजाऱ्याला

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं आणि तिवरं. बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहती ज्या पट्ट्यात उभ्या राहिल्या, तिथे बऱ्याच ठिकाणी वर भराव, खाली खाडीची मऊ चिकणमाती आणि त्याखाली मुरूम व बेसाल्टचा कातळ असतो. म्हणून उंच इमारतीचा भार पाईल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले खांब, थेट कातळावर नेतात. शेजारची जुनी इमारत, जलवाहिनी आणि भुयारी गटार मात्र वरच्या मातीच्याच भरवशावर असतात.

चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म असल्याने त्यांतलं पाणी फार सावकाश निघतं आणि ते निघेल तशी माती दबते. कार्ल तेरझागी यांनी 1920च्या दशकात याचं गणित मांडलं: थर दुप्पट जाड असेल, तर दबायला चौपट वेळ लागतो. तळघरासाठी खड्डा खणून पाणी उपसलं की भोवतालच्या मातीतलंही पाणी उतरतं, खड्ड्याची भिंत किंचित आत झुकते आणि शेजारची जमीन खचते. खोदकाम संपल्यावर कित्येक महिन्यांनीही भिंतींना तडे जातात ते यामुळेच. गटाराचा उतार थोडासा बिघडला तरी सांधे उघडतात. गळणारं पाणी माती आणखी कमकुवत करतं.

पाईल असले म्हणजे निर्धास्त, असंही नाही. शांघायमध्ये 27 जून 2009 रोजी 13 मजली इमारत अख्खी आडवी झाली. एका बाजूला पार्किंगसाठी खड्डा होता, दुसऱ्या बाजूला उपसलेल्या मातीचा ढीग. बाजूने सरकलेल्या मातीने पाईल मोडले. खोल खड्ड्याचा धोका आपल्याकडेही दिसला: 29 मे 2024 रोजी वर्सोवा खाडीजवळ सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या शाफ्टमध्ये (उभ्या खोल खड्ड्यात) आधारभिंत आणि माती कोसळून पोकलेनचालक गाडला गेला. या योजनेचं पाणी मीरा-भाईंदरसाठीही येणार होतं.

उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. लंडनमध्ये 1990च्या दशकात बिग बेनजवळ मेट्रो स्थानक खोदताना मनोऱ्याचा कल सतत मोजला गेला आणि गरजेप्रमाणे पायाखालच्या मातीत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरलं गेलं. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी खणलेल्या प्रत्येक खड्ड्याभोवतीही जमिनीची हालचाल आणि भूजलाची पातळी मोजता येते. खोदकामाआधी शेजारच्या इमारतींची छायाचित्रं आणि भूमिगत वाहिन्यांचा नकाशा तयार हवा. रोजची मोजमापं शेजारच्या सोसायट्यांनाही मिळायला हवीत. घर त्यांचं पणाला लागतं, तेव्हा ही माहिती मिळणं हा त्यांचा हक्कच आहे.