अडतीस की तीस?

शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या अनेकांना एक आकडा अजून पाठ असतो: ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, 38 रेणू. आता जीवरसायनाची पुस्तकं 30 ते 32 सांगतात. उरलेले गेले कुठे?

सुरुवातीचा हिशेब सरळ आहे. पेशीद्रव्यात दहा पायऱ्यांत ग्लुकोजचे पायरुव्हेटचे दोन रेणू होतात. त्यासाठी आधी दोन एटीपी खर्चावे लागतात, मग चार मिळतात, हाती दोन. ऑक्सिजन लागत नाही. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसतातच, त्यांचं एवढ्यावरच भागतं. बाकीच्या पेशींत पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरतं आणि क्रेब्ज चक्रातून आणखी दोन मिळतात. (हान्स क्रेब्ज यांचं या चक्रावरचं 1937 मधलं टिपण ‘नेचर’ने परत पाठवलं होतं. 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.)

म्हणजे इथवर चारच. कार्बन तर एव्हाना उच्छ्वासाच्या वाटेला लागलेला. खरी कमाई आहे ती ग्लुकोजपासून काढून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांत. एनएडीएचसारखे वाहक ते तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर पोचवतात आणि तिथून ते टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनकडे जातात. आपण श्वास घेतो तो मुख्यतः यासाठी. सायनाइड हीच वाट शेवटच्या टप्प्यावर अडवतं.

यातून एटीपी घडतो कसा? बहुतेक संशोधक मधला एखादा ऊर्जावाही रेणू शोधत होते. 1961 मध्ये पीटर मिचेल म्हणाले, तसा रेणूच नाही. इलेक्ट्रॉन सरकताना प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि परततात तेव्हा एटीपी बनतो. धरणाच्या पाण्यावर जनित्र फिरावं, तसं. कल्पना विलक्षणच होती. ती पचायला वेळ लागला, नोबेल आलं 1978 मध्ये. हे ‘जनित्र’ खरोखर फिरतं, हे जपानी संशोधकांनी 1997 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

आणि इथेच 38 कोसळतात. तो हिशेब एका एनएडीएचमागे पूर्ण तीन एटीपी धरायचा. पण प्रोटॉन काही एटीपीच्या पटीत मोजून येत नाहीत. काही फॉस्फेट आत आणण्यात आणि एटीपी बाहेर धाडण्यात खर्ची पडतात. प्रत्यक्षात भाव पडतो अडीचच्या आसपास. वर काही प्रोटॉन नुसतेच झिरपतात. शिवाय पेशीद्रव्यातलं एनएडीएच तंतुकणिकेत शिरत नाही, त्याचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या वाहकामार्फत न्यावे लागतात. यकृतात आणि हृदयात त्याचं नुकसान फारसं होत नाही, म्हणून तिथे 32. मेंदूत आणि हाडांना जोडलेल्या स्नायूंत दोनाची घट येते, तिथे 30.