ओब्रायन : नातवाचे आडनाव कसे झाले?

मराठी आडनावाचे मूळ शोधताना आपण आधी गावाकडे पाहतो, मग हुद्द्याकडे किंवा धंद्याकडे. सातारकर, कुलकर्णी, सोनार ही त्याची सरळ उदाहरणे. आयर्लंडच्या बहुतेक जुन्या आडनावांत मात्र गाव नसते, पूर्वज असतो. त्यांतले ‘ओब्रायन’ मी येथे निवडले, कारण या नात्याचे आडनाव कोणत्या पिढीत झाले हे त्यात स्पष्ट दिसते.

दहाव्या शतकापूर्वी आयर्लंडमध्ये स्थिर आडनावे जवळजवळ नव्हती. माणसाच्या नावापुढे ‘मॅक’ म्हणजे मुलगा हा शब्द घालून बापाचे नाव जोडीत, किंवा ‘उअ’ म्हणजे नातू हा शब्द घालून आजोबाचे. आपल्या जुन्या मोडी कागदांत ‘अमुक बिन तमुक’ असे लिहीत, त्यातलाच हा प्रकार. पिढी बदलली की पुढचे नावही बदले. या ‘उअ’चा पुढे ‘ओ’ झाला. इंग्रजी लेखनात त्याच्यापुढे येणाऱ्या चिन्हामुळे तो ‘ऑफ’चा संक्षेप असावा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो नातू आहे.

आता ब्रायनकडे येऊ. पश्चिमेकडील शॅनन नदीच्या काठी सत्ता असलेल्या कुळातला ब्रायन बोरू 1002 मध्ये आयर्लंडचा सर्वोच्च राजा झाला आणि 1014 मध्ये डब्लिनजवळ क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. तो स्वतः ओब्रायन नव्हता. बापाच्या नावाने तो ब्रायन मॅक केनेटिग होता. त्याचा मुलगा डोनखा हा मॅक ब्रायन. दुसरा मुलगा टाइग, आणि टाइगचा मुलगा टर्लो. हा 1086 मध्ये वारलेला टर्लो खरोखरच ‘उअ ब्रायन’ होता, कारण ब्रायन त्याचा सख्खा आजोबा.

खरी गंमत त्याच्या मुलाची. मर्टा याचा आजोबा टाइग. रीतीप्रमाणे त्याने ‘उअ टाइग’ म्हणवून घ्यायला हवे होते. पण 1119 मध्ये मरण पावलेला हा पणतूही ‘उअ ब्रायन’च राहिला. नाते शब्दशः खरे उरले नाही, तेव्हा त्याचे आडनाव झाले. यामागे कारण होते. आयरिश रिवाजात गादी थोरल्या मुलाकडेच जाईल असे नव्हते. राजवंशातले अनेक पुरुष दावेदार असत. अशा वेळी टाइगपेक्षा ब्रायनचे नाव सांगणे फायद्याचे होते. माझ्या मते हे आडनाव मुळात गादीवरचा हक्क सांगणारी खूण होती.

म्हणूनच इंग्रजी सत्तेला अशी नावे खुपली. डब्लिनच्या आसपास इंग्रज अमलाखालील भागातल्या आयरिशांनी इंग्रजी आडनाव घ्यावे, असा कायदा 1465 मध्ये झाला. नगराचे, रंगाचे, कलेचे किंवा हुद्द्याचे नाव चालेल, अशी सोयही त्यात होती. म्हणजे पूर्वज सोडून काहीही! ओब्रायनांचा प्रदेश या भागाबाहेर होता. तरी 1543 मध्ये त्यांचा प्रमुख मरो याने राजेपद सोडून आठव्या हेन्रीकडून अर्ल हा किताब घेतला. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत असंख्य आयरिश घराण्यांचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून पडले. 1893 मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, आणि भाषेच्या चळवळीबरोबर अनेकांनी ते पुन्हा लावले.

इंग्रजी रूपात एक गोष्ट मात्र हरवली. आयरिश भाषेत स्त्रीचे आडनाव वेगळे असते. पुरुष ‘ओ ब्रीअन’, त्याची मुलगी ‘नी व्रीअन’ आणि बायको ‘ई व्रीअन’. ‘नी’मध्ये कन्या हा अर्थ आहे, आणि त्यापुढे ‘ब’चा उच्चार ‘व’सारखा होतो. कोण लेक, कोण सून, हे नावावरूनच कळते. इंग्रजीत सगळेच ओब्रायन. त्यामुळे ब्रायनच्याच क्लेअर परगण्यात 1930 मध्ये जन्मलेल्या प्रसिद्ध कादंबरीकार एडना ओब्रायन यांचे नाव शब्दशः वाचले, तर अर्थ निघतो ‘एडना, ब्रायनचा नातू’.