समाजमाध्यमे आणि लेखकाचे नाव

समाजमाध्यमांवर एखादी कविता, चारोळी वा ललित मजकूर लेखकाच्या नावावाचून किंवा भलत्याच नावाने फिरू लागला, की त्याचे मूळ कर्तृत्व संशयास्पद होते. मराठीत असा मजकूर अनेकदा पु. ल. देशपांडे किंवा कुसुमाग्रज यांच्या नावावर खपविला जातो.

हा प्रकार अगदीच नवा नाही. अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा गुंफलेली असे. तरीही विष्णुदास नामा यांच्या रचना संत नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढणे अभ्यासकांना कठीण गेले. तेथे निदान नामसाधर्म्य हे कारण होते. व्हॉट्सॲपवर मजकुराची नक्कल करताना नावाची शेवटची ओळ गळली, तरी पुरते. जुलै २०१८ मध्ये आलेली ‘फॉरवर्डेड’ ही खूण मजकूर दुसरीकडून आल्याचे सांगते. तो मुळात कोणाचा, हे सांगत नाही.

यात नवोदिताची हानी अधिक. त्याची कविता हजारोंपर्यंत पोहोचते, पण ती त्याची हे कोणालाच ठाऊक नसते. पुढे तीच कविता त्याने आपल्या संग्रहात घेतली, तर वाङ्मयचौर्याचा आळ त्याच्यावरच येऊ शकतो. ज्येष्ठ लेखकांच्या माथी मात्र त्यांनी कधीच न लिहिलेली, पुष्कळदा सुमार वाक्ये मारली जातात.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५७ नुसार आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क लेखकाला आहे. प्रताधिकार दुसऱ्याकडे सोपविल्यावरही तो उरतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. वाद उद्भवल्यास मात्र तारखेसह छापलेला नियतकालिकाचा अंक पुरावा म्हणून उपयोगी पडतो.