प्राध्यापकांची निवडणूक

प्राध्यापक निवडणुकीस उभा आहे म्हटले, की आमच्या वडुजात विचारतात, "कोणत्या गणातून?" ही निवडणूक पंचायत समितीची नव्हे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आपली महाविद्यालये येतात. त्याच्या अधिसभेत २०१६ च्या कायद्याने शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या दहा जागा आहेत. पाच राखीव, पाच खुल्या. अंदाजपत्रकावर तिथे बोलता येते, प्रश्न विचारता येतात.

मत फुलीने नव्हे, पसंतीच्या आकड्याने द्यावयाचे. समजा, पाच जागांसाठी ६०० मते वैध ठरली. ६०० ला सहाने भागून एक मिळवा. १०१ हा कोटा. वरची मते पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणून शहाणा उमेदवार प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराकडेही जातो, निदान दुसरा आकडा मागतो.

मला सलते ते वेगळेच. कायद्याने 'शिक्षक' म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त. तासिका तत्त्वावरचा तरुण तोच वर्ग घेतो, तोच खडू झिजवतो. मतपत्रिका त्याला नाही. बदली कामगाराची अशीच गत मी युनियनमध्ये पाहिली आहे. त्याला सभासद करून घेताना आमचेच कायम कामगार कुरकुरले होते! तेव्हा उमेदवार मत मागावयास आला, की प्राध्यापकांनी त्याला आधी विचारावे: ज्यांना मत नाही, त्यांचा प्रश्न तुम्ही मांडणार का?