तिघींची तीन मिनिटं

खो-खोच्या सामन्याची बातमी छापून येते तेव्हा खेळाडूच्या नावापुढे वेळ असते. दोन मिनिटं दहा सेकंद. एक मिनिट पन्नास सेकंद. ती खेळाडू तेवढा वेळ सापडली नाही, याची ही नोंद. या वेळा तयार कशा होतात ते बघावं म्हणून डिसेंबरात तीन दिवस सकाळी मी नाशिकला सीबीएसजवळच्या छत्रपती शिवाजी स्टेडियमवर जाऊन बसले.

गारठा चांगलाच होता. मैदानावर पाणी मारलेलं, त्यावर नुकतीच फक्की टाकलेली. ओल्या मातीत मिसळलेला फक्कीचा तो वास शाळेनंतर पहिल्यांदाच नाकात गेला. मुलींनी दोन फेऱ्या मारल्या, अंग मोकळं केलं आणि आठ जणी पाटीवर बसल्या.

आठवड्यापूर्वीच पुण्यातल्या भाच्यानं मला फोनवर पॅडलचा सराव दाखवला होता. १९६९ साली मेक्सिकोत सुरू झालेला हा रॅकेटचा खेळ. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद कोर्टाच्या मागे काचेची भिंत असते. बचावाला खेळणारा चेंडू काचेवर आपटून परत येऊ देतो, मग उंच टोलवतो आणि समोरच्याला थकवत राहतो. भाचा म्हणाला, “मावशी, यात काच आपल्या बाजूनं असते.” खो-खोत पळणारीच्या बाजूनं कोण असतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात होता.

उत्तर पहिल्याच सकाळी मिळालं. तिच्या बाजूनं नियम असतो. पाठलागावर धावणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत मागं फिरता येत नाही. पळणारीला दोन्हीची मुभा आहे. विरुद्ध बाजूला मात्र धावणाऱ्या नऊ जणी असतात आणि खो दिलेली खाली बसून दम घेते. पळणारी बसत नाही. तिच्या एकटीच्या दमासमोर नऊ जणींचा दम असतो.

म्हणून इथला सराव मुद्दाम एकतर्फी ठेवलेला आहे. पळणाऱ्या तिघी त्याच राहतात, दमलेली धावणारी मात्र बाहेर काढून ताजी मुलगी आत येते. सर घड्याळ हातात धरून उभे असतात. “तिघींनी मिळून तीन मिनिटं,” ते म्हणतात. पारंपरिक नियमांत खुल्या गटाची एक पाळी नऊ मिनिटांची. “तीन तुकड्या, तीन-तीन मिनिटं. झाली नऊ.” त्या तीन सकाळी हे तीन मिनिटांचं गणित मी इतक्यांदा ऐकलं की रिक्षात बसल्यावरही तेच मोजत होते.

माझी नजर एकीवरच परत परत जात होती. सुरगाण्याकडची, सतरा वर्षांची, नाशिकला वसतिगृहात राहणारी. दोन्ही कोपरांवर खरचटल्याचे जुने डाग. आधी ती कुणी मागे नसताना साखळी खेळली. बसलेल्या प्रत्येक दोघींच्या मधून, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, खुंटापर्यंत जायचं आणि तशीच परत यायचं. मग गोल: तीन-चार जणींभोवतीच फिरायचं, पावलं कमी टाकायची, दम राखायचा. मग मागे धावणारी आली. सर ओरडले, “खांद्याकडे बघ, डोळ्यांकडे नको!” डोळे फसवतात. खांदा वळला की दिशा ठरली.

खरी परीक्षा फेरी संपल्यावर असते. छाती भात्यासारखी हलत असते, गुडघ्यांवर हात टेकायची परवानगी नसते, चालत राहायचं असतं. तेवढ्यात सर विचारतात, “पाचवीचं तोंड कुठं होतं?” बसलेल्यांची तोंडं एकीआड एक उलट दिशांना असतात. कुणाला खो मिळाला की ती कुठल्या बाजूला उठेल हे पळणारीला बघायची वेळ येऊ नये, ते आधीच ठाऊक असावं लागतं. उत्तर चुकलं की आणखी एक साखळी. पहिल्या दिवशी ती दोनदा चुकली. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही.

नाशिकला अशा मुलींबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: डोंगरातल्या आहेत, काटकपणा उपजतच असतो. सावरपाड्याच्या कविता राऊतबद्दलही ते ऐकलं होतं. तिनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हाही कौतुकात डोंगर आधी आला आणि रोजचा सराव नंतर. मला हे वाक्य पटत नाही. पाण्याचे हंडे वाहून पाय घट्ट होत असतील, पण पाचवीचं तोंड कुठं आहे हे हंडा शिकवत नाही. ते इथं, या गारठ्यात, चुकून चुकून शिकलं जातं. असं शिकलेलं टिकणं मोठ्या स्पर्धेतही मोजलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्यातही ठरावीक वेळेपुढे टिकलेल्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे गुण होते. टिकण्याला गुण मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला.

विश्वचषक मॅटवर झाला. मोठे सामने आता तिथेच होतात. मॅटवर बूट लागतात, पाय वेगळा पकडतो. या मुली मातीत अनवाणी शिकतात आणि स्पर्धेला गेल्यावर पाऊल नव्यानं बसवतात. “पहिल्या दिवशी पाय आपला वाटत नाही,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत तिच्या दोघी सोबतिणी लवकर बाद झाल्या. ती एकटी उरली. दोन मिनिटं झाली तेव्हा आता ही वेग वाढवेल असं मला वाटलं. तिनं तो कमी केला. धावणारीला अगदी हाताच्या अंतरावर येऊ दिलं, डावीकडे हूल दिली आणि पाटीतून पलीकडे निघून गेली. धावणारी खुंटाकडे वाहत गेली. पुन्हा खो, पुन्हा तेच. माझ्या मुठी आवळलेल्या होत्या.

दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांवर एकीनं सूर मारला आणि हात तिच्या घोट्याला लागला.

“बारा राहिले,” सर म्हणाले. ती उठली, कोपराची माती झटकली. आता बसायची पाळी तिची होती. पाटीवरच्या रिकाम्या चौकोनाशी येऊन ती थांबली. पाचवा होता तो.

“तोंड कुठं करू, सर?”